एकोणशंभर काड्या: आमच्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता, हे मी दोनदा अनुभवलंय. म्हणून लिहून काढतोय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण मी होतो तसे आईबाप पुष्कळ असणार: समोर पोर, मध्ये वही आणि आपला आवाज चढलेला.

लेक तिसरीत गेली आणि शाळेतून निरोप आला की गणितात कच्ची आहे, घरी थोडं घेत जा. थोडं घेणं मला जमत नाही. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. गणिताचे सरावाचे कागद छापून आणले, त्यांची जाड फाइल केली. सहा ते पावणेसात गणित, पावणेसात ते सव्वासात वाचन, मग शुद्धलेखन. शाळेतून सुटून आलेल्या मुलीसाठी मी घरात दुसरी शाळा काढली होती, आणि तिचा हेडमास्तर मी. तिसऱ्या आठवड्यात अशी वेळ आली की जिन्यात माझ्या चपलांचा आवाज झाला की ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची.

वरच्या मजल्यावरून तुम्ही आमची शिडी परत करायला आलात तो दिवस मला नीट आठवतो. टेबलावर वही उघडी होती, तिच्यावर माझ्या लाल फुल्या. किती बरोबर आले हे तुम्ही विचारलंच नाहीत. उभ्या उभ्या पान वाचलंत. ५२ वजा २७ बरोबर ३५. ४० वजा १८ बरोबर ३८. ६३ वजा २९ बरोबर ४६. मग म्हणालात, "हिची एकही चूक अंदाजपंचे नाही. सगळीकडे एकच नियम लावलाय तिने."

मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले. शून्यातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून शून्य. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा. मग तुम्ही तिला विचारलंत, "हे कुणी सांगितलं गं?" ती म्हणाली, "बाबांनी. मोठ्यातून लहान वजा करायचं." ते वाक्य माझंच होतं, बाई. पहिल्याच आठवड्यात, घाईत, हातात मोबाइल धरून सांगितलेलं. ती बिचारी ते इमानाने पाळत होती आणि मी तिला त्याबद्दल ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कापडी पिशवीतून शंभर काड्या आणि मूठभर रबरबँड पाठवलेत. दहा-दहाच्या जुड्या बांधायला लावल्यात. त्यातच एक संध्याकाळ गेली. मला वाटलं, यात गणित कुठंय? पण जुडी बांधताना तिने तीनदा नऊच काड्या घेतल्या आणि तिन्ही वेळा स्वतःच मोजून दुरुस्त केलं. वहीत ती असं कधी करत नव्हती. वहीत चूक शोधणं हे माझं काम होतं ना.

मग पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवून तुम्ही हात पसरलात, "मला सत्तावीस दे." तिने दोन जुड्या दिल्या. दोन सुट्या दिल्या. आणि थांबली. अजून पाच हव्या होत्या आणि समोर नुसत्या बांधलेल्या जुड्या. मी तोंड उघडणार इतक्यात तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की ते मिटलंच. घड्याळाची टिकटिक ऐकू येईल इतकी शांतता. तिने एका जुडीच्या रबरबँडमध्ये बोट घातलं, तुमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सोडू?"

तुम्ही म्हणालात, "काड्या तुझ्या आहेत."

रबरबँड निघाला, काड्या फरशीवर पसरल्या, तिने पाच उचलून दिल्या. उरलेल्या मोजल्या. दोन जुड्या आणि पाच. मग बराच वेळ त्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे वहीतलं पस्तीस चूक आहे." हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

'उसना घेणे' हा शब्द तुम्हाला आवडत नाही हेही त्याच दिवशी कळलं. "उसनं घेतलेलं परत करावं लागतं. इथे कोण परत करतं? दशक सोडवला म्हणा." तेव्हापासून आमच्या घरी दशक सुटतो, उसना कुणी घेत नाही. पुढे तीन दिवस नुसत्या काड्या, पेन्सिल नाही. मग काड्या करायच्या आणि शेजारी तेच मांडून लिहायचं. मग काड्या फक्त पडताळ्याला. मी असतो तर पहिल्याच संध्याकाळी वहीवर आलो असतो आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं.

गप्प बसण्याचं तंत्र मात्र मला अजून पुरतं जमलेलं नाही. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा, असं तुम्ही सांगितलं होतंत. नंतर कुतूहलाने वाचलं, तर मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच मोजलेलं आहे. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि मुलं स्वतःहून जास्त बोलायला लागतात. एका संध्याकाळी मी स्वतःला तपासलं. मी सेकंदभरही थांबत नव्हतो. प्रश्नाच्या शेपटालाच उत्तर बांधून देत होतो.

आता आकड्यांच्या नावांबद्दल. पंचवीस ऐकून ती ५२ लिहायची, हे मी निष्काळजीपणात धरत होतो. तुम्ही म्हणालात, "ती कानाला ऐकू येईल तसं लिहिते. पंच आधी, वीस नंतर." आयुष्यभर मराठी बोलतोय, पण आपल्या आकड्यांत एकक आधी बोलला जातो आणि लिहिताना तो नंतर येतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि एकोणसाठ म्हटलं की ती ६९ लिहायची, कारण 'साठ' ऐकू आलं आणि नऊ असणार एवढं माहीत होतं. तुम्ही एकोणचा अर्थ सांगितलात: एक ऊन, म्हणजे एक कमी. साठाला एक कमी. मग सहा जुड्या ठेवून त्यातली एक काडी काढून घ्यायची. तिला हे इतकं आवडलं की एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत गेली आणि अडली.

"मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

मी "तसं नसतं" म्हणणारच होतो. तुम्ही म्हणालात, "मला नाही माहीत. पण म्हणायला हवं होतं, नाही का?" पस्तीस वर्षं शिकवलेली बाई 'मला माहीत नाही' म्हणते, हे पाहून लेकीचे डोळे असे मोठे झाले होते! त्या दिवसापासून आमच्या घरात नव्याण्णव नाही, एकोणशंभर आहे. शाळेत नव्याण्णवच म्हणायचं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

पाढ्यांच्या बाबतीत तुम्ही मला चकवलंत. काड्या-मणी-खेळ बघून मी समजलो होतो की पाठांतराला तुमचा विरोध असणार. तर तुम्ही ठणकावलंत, "पाढे पाठ पाहिजेतच. सात आठे दर वेळी बोटांवर मोजत बसली तर पुढचं गणित डोक्यात राहील कुठे?" फक्त आधी चौकटीच्या कागदावर आयत रंगवायला लावलेत. सात ओळी, प्रत्येकीत आठ घरं. कागद आडवा फिरवला की आठ ओळी, प्रत्येकीत सात. घरं तेवढीच. म्हणजे सात आठे पाठ झाले की आठ साते फुकट. दहापर्यंतच्या तक्त्यात शंभर चौकटी आहेत, त्यातल्या जोड्या एकदाच धरल्या तर ५५ उरतात. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे तिला येतच होते. ते वगळले तर फक्त २१. आम्ही दोघांनी तक्त्यावर खोडत खोडत हा आकडा काढला. शंभराचं ओझं एकवीसवर आलेलं बघून तिने स्वतः ते एकवीस चिठ्ठ्यांवर लिहिले. रोज तीन चिठ्ठ्या. येणारी चिठ्ठी डब्यात जाते, न येणारी फ्रिजवर चिकटते. सध्या फ्रिजवर एकच आहे, सहा आठे, आणि तिच्याशी लेकीचं वैर आहे.

कागदाच्या नळ्यांचा प्रयोग तुम्ही बोलता बोलता सांगितलात आणि विसरलातही असाल. ए-फोर आकाराचे दोन सारखे कागद. एकाची उभी, उंच नळी करायची. दुसऱ्याची आडवी, बुटकी. कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या भिडवून चिकटवायच्या. कशात जास्त मावेल? लेक म्हणाली, उंच. मी म्हणालो, सारखंच, कागद सारखे आहेत ना. उंच नळी बुटकीच्या आत उभी केली, काठोकाठ मणी भरले आणि उंच नळी हळूच वर ओढून घेतली. मणी बुटकीत पसरले आणि काठापासून बरेच खाली राहिले. दोघंही चुकलो होतो. लेकीने मला "परत करा" म्हणून चार वेळा मणी भरायला लावले. रात्री ती झोपल्यावर मी हिशेब मांडला. कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. उंच नळीत साधारण १.०४ लिटर मावतं, बुटकीत १.४७. घेर वाढला की तळाचं क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने वाढतं, उंची मात्र साधीच घटते. तिला यातलं काही सांगितलं नाही. बाबाही चुकतो, आणि चुकला तरी चिडत नाही, एवढंच तिने त्या दिवशी पाहिलं. दुसरं तर तिच्यासाठी नवलच होतं.

सगळंच जमलं असं नाही. रोजनिशी बारगळली. चार दिवस 'आज मी उठले, दात घासले' आलं आणि पाचव्या दिवशी वही कपाटामागे सापडली. तुम्ही म्हणालात, "तिला लिहायचं कारण द्या." कारण तिनेच शोधलं. खोलीच्या दारावर कागद लावला: 'आत येण्याआदी विचरा.' तुम्ही बजावलं होतंत की याला हात लावू नका. तरी मी एका रविवारी लाल पेनाने 'आधी' आणि 'विचारा' केलं. संध्याकाळी दारावर कागद नव्हता. तो परत लागायला दीड महिना गेला. लाल पेन मी ऑफिसला नेऊन टाकलंय.

वाचनाला मात्र तुम्ही सांगितलेली एकच गोष्ट पुरली: शब्द चुकला की लगेच टोकायचं नाही, वाक्य संपू द्यायचं. बहुतेक वेळा वाक्याचा अर्थ लागत नाही म्हणून ती स्वतःच मागे येते. नाही आली तर मी विचारतो, "हे जुळतंय का?" बस. आणि रोज एक पान मी वाचायचं, तिने ऐकायचं. मोठी झाली म्हणून ते बंद करायचं नाही. सर्वांत कठीण गेला तो पंधरा मिनिटांचा नियम. खेळ रंगात आला असतानाच आवरायचं! माझा जीव तुटायचा. पण आता सहा वाजले की पिशवी तीच काढते.

ती वर्गात पहिली वगैरे आलेली नाही. भागाकार आता कुठे सुरू झालाय आणि त्याने आम्हा दोघांना घाम फोडलाय. बाथरूमची कडी मात्र आता दात घासायच्या वेळेलाच लागते, तीही मी घाई करतो म्हणून.

पत्रासोबत तुमची पिशवी परत पाठवतोय. तुम्ही म्हणाला होतात, पुढच्या मजल्यावरच्या मुलाला लागणार आहे. काड्या लेकीने काल मोजल्या. नऊ जुड्या झाल्या आणि सुट्या उरल्या त्या पुन्हा दोनदा मोजल्या, सोफ्याखाली पालथी पडून शोधाशोध केली. शेवटी पिशवीला तिने चिठ्ठी लावलीय. मी ती दुरुस्त केलेली नाही:

'बाई, काड्या एकोणशंभर आहेत. एक सापडली की आनून देते.'

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा निवृत्त हेडमास्तर