धीर पुरे, सराव द्या: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की आपला शुभेच्छासंदेश येतो. ताण घेऊ नका, स्वतःवर विश्वास ठेवा, हसतमुखाने सामोरे जा. आम्ही शिक्षक तो वर्गात वाचून दाखवतो. मागच्या बाकावरची दोघं-तिघं एकमेकांकडे बघून हसतात, आणि ज्यांना खरोखर धडकी भरलेली असते ती मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत बसतात. आपल्या हेतूबद्दल शंका नाही. पण विश्वास ठेव म्हटल्याने तो ठेवता येत असता, तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

‘हे मला जमेल’ असं माणसाला कशामुळे वाटतं, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये केली. स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, कुणी दिलेला धीर आणि शरीराची त्या वेळची अवस्था, अशी चार कारणं त्यांनी सांगितली. त्यांत सगळ्यात भक्कम पहिलं. धीराचे शब्द त्यामानाने कच्चे. पहिला अवघड प्रश्न समोर आला की विरतात. आणि आपलं खातं (त्यात मीही आलेच) सगळा जोर नेमका तिथेच लावतं.

पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभं राहिलं की पहिली दहा मिनिटं बघण्यासारखी असतात. प्रश्नपत्रिका हातात पडते. काही जण सरळ पहिल्या प्रश्नाला हात घालतात. एखादी मुलगी मात्र पानं उलटते, पुन्हा पहिल्या पानावर येते, पुन्हा उलटते. पेनाचं टोपण काढते, लावते. डोळे ओळींवरून फिरताहेत पण वाचत नाहीत, हे लांबूनही कळतं. तासाभराने तीच मुलगी भराभर लिहीत असते, आणि घंटा होते तेव्हा चांगले येत असलेले दोन प्रश्न सुटून गेलेले असतात. बाहेर आल्यावर म्हणते, ‘सगळं येत होतं, पण एकदम ब्लँक झाले.’

हे ब्लँक होणं काही गूढ नाही. लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे केले होते. एक शरीराचा: धडधड, घाम, पोटात गोळा. दुसरा डोक्यातला: ‘नापास झाले तर?’, ‘बाकीचे पुढे गेले’, ‘माझ्याच्याने होणार नाही’. गुणांवर पाणी पडतं ते मुख्यतः या दुसऱ्यामुळे. गणित सोडवताना आकडे आणि पायऱ्या मनात जिथे तात्पुरत्या धरून ठेवायच्या, ती जागाच ही बडबड अडवून बसते. धडधड त्यामानाने निरुपद्रवी. २०१० च्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना सराव चाचणीआधी एवढंच सांगितलं की, छातीत धडधडलं तर काळजी करू नका, त्याची मदतही होऊ शकते. त्या गटाला गणितात इतरांपेक्षा जास्त गुण पडले. म्हणजे ‘शांत राहा’ हा आपला लाडका सल्ला जरा चुकतोच. शांत होता आलं नाही की मुलाच्या पदरात परीक्षेआधीच आणखी एक अपयश.

नुसत्या सोप्या उपायांचाही मोह नको. २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास आला होता: परीक्षेआधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर उतरवली की घाबरणाऱ्या मुलांचे गुण वाढतात. ऐकायला छान, खर्च शून्य. पण २०१८ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले एकवीस प्रयोग पुन्हा करून पाहिले, त्यांत हाही होता, आणि तो परिणाम काही पुन्हा दिसला नाही. ज्याला लिहून मोकळं वाटतं त्याने जरूर लिहावं. त्याचं परिपत्रक मात्र काढू नका. त्याच एकवीसमधला दुसरा एक प्रयोग टिकला. धडा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढं लिहून काढणारे विद्यार्थी पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे तक्ते काढणाऱ्यांच्या पुढे गेले होते.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. आमची बहुतेक मुलं ‘रिव्हिजन’ म्हणजे पुन्हा वाचणं समजतात. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं म्हणजे येतं, असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. आदल्या रात्री जे मूल रडवेलं होऊन म्हणतं की मला काहीच आठवत नाहीये, त्याची शंका पुष्कळदा खरी असते. आठवण्याचा सराव त्याने कधी केलेलाच नसतो. त्याला ‘तुला सगळं येतं रे’ म्हणणं ही शुद्ध थाप झाली, आणि मुलांना थाप ओळखता येते.

तेव्हा मागणी अशी की, शेवटच्या दोन महिन्यांत प्रेरणादायी व्याख्यानांना जे तास जातात ते आठवण्याच्या सरावाला द्यावेत. पाच-सहा प्रश्न, पुस्तक बंद, उत्तरं लगेच फळ्यावर, ज्याची त्याने तपासायची. याचे गुण कुठेही नोंदवायचे नाहीत. हे मुद्दाम ठासून लिहिते, कारण शाळेत काहीही घेतलं की वरून तक्ता मागवला जातो. तक्ता आला की तुलना येते, आणि पुढच्या पालकसभेत त्याची यादी वाचली जाते. मग ज्या चाचणीने भीती घालवायची तीच नवी भीती होऊन बसते. यासोबत निदान एक सराव परीक्षा हुबेहूब खऱ्यासारखी व्हावी: अनोळखी वर्ग, बैठक क्रमांक, तशीच उत्तरपत्रिका, पूर्ण वेळ, अनोळखी पर्यवेक्षक. पहिल्या पानावर काय भरायचं हे त्या दिवशी पहिल्यांदा बघावं लागू नये.

पर्यवेक्षकांबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. ‘अर्धा तासच राहिलाय!’ असं दारातून ओरडलं की अर्धा वर्ग दचकतो. कुणी मोठ्याने पुरवणी मागितली की शेजारच्या बाकांवरचे हात थबकतात. आपण मागे पडलो हा हिशेब तिथल्या तिथे सुरू होतो. वेळेची सूचना कोणत्या शब्दांत आणि कोणत्या आवाजात द्यायची हे ठरवून द्या. पुरवण्या बाकाशी जाऊन, न बोलता देता येतात. श्वास लागलेल्या, हात थरथरणाऱ्या मुलाला पाच मिनिटं बाहेर बसवून परत आत घेता येईल का, आणि तेवढा वेळ शेवटी मिळेल का, याचा नियम स्पष्ट लिहा. आज ते समोरच्या माणसाच्या मर्जीवर चालतं.

काही मुलांची गोष्ट मात्र सरावाच्या पलीकडची असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, परीक्षेचं नाव निघताच उलट्या, जगण्याबद्दल निरवानिरवीची भाषा. तिथे शिक्षकाने सल्ले देत बसू नये. त्याच दिवशी पालकांना बोलवावं आणि मूल समुपदेशक किंवा डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत त्याला एकटं सोडू नये. त्यासाठी शाळेला फोन करता येईल असा माणूस नेमावा लागेल. एका समुपदेशकाकडे डझनावारी शाळा सोपवून ते होणार नाही.

आणि फेरपरीक्षा. भीतीचा मोठा वाटा ‘हीच एक संधी’ या वाक्यात आहे, आणि ते वाक्य खरं ठेवायचं की नाही हे मुलाच्या नाही, आपल्या हातात आहे. फेरपरीक्षेची तारीख निकालानंतर चर्चा करून ठरवू नका. मुख्य परीक्षेच्या वेळापत्रकाखालीच छापा. प्रमाणपत्रावर कितव्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला याचा उल्लेख होत असेल, तर तोही काढून टाका.

कळावे.

आपली,
एक शिक्षिका