वजन उचलणाऱ्या बायका आणि लोकांची काळजी

महोदय,

केवळ हौस म्हणून वजन उचलणाऱ्या स्त्रीला आपल्याकडे अजूनही ‘पुरुषी दिसशील’, ‘गर्भाशयाला त्रास होईल’ असे सल्ले ऐकावे लागतात. बारबेलच्या खरबरीत दांड्यामुळे माझ्या तळहातांवर पडलेले घट्टे पाहून एका परिचित बाईंनी ‘हे काय बायकांचे हात आहेत?’ असे मला सुनावले. पाण्याचे हंडे किंवा बांधकामावर वाळूची घमेली वाहणाऱ्या बायकांच्या हातांची अशी चिंता कोणी केल्याचे मात्र ऐकिवात नाही.

स्त्रियांच्या शरीरात स्नायू वाढवणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असल्याने थोडे वजन उचलताच दंड फुगतील ही भीती निराधार आहे. उलट रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात तेव्हा हाच व्यायाम, योग्य मार्गदर्शनाखाली केल्यास, त्यांना बळकटी देतो. कर्णम मल्लेश्वरी यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनात कांस्यपदक जिंकले आणि मीराबाई चानू यांनी टोकियोत ४९ किलो वजनी गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत हेच सल्लागार असावेत, असा माझा दाट संशय आहे.

व्यायामशाळांचे वागणेही फारसे वेगळे नसते. नव्याने आलेल्या बाईला तिची इच्छा न विचारताच ट्रेडमिलकडे धाडले जाते आणि हाती दोन किलोंचे गुलाबी डंबेल दिले जातात. पुरुषांना पहिल्या आठवड्यात शिकवले जाणारे स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) व डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे) प्रशिक्षकांनी स्त्रियांनाही त्याच आठवड्यात शिकवावेत, एवढीच मागणी आहे.

– एक वाचक, ठाणे