खुलं पत्र: प्लॅन पास करताना एसीची जागा कुठे आहे ते पण विचारा ना साहेब

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

साहेब, कुठल्याही नव्या बिल्डिंगचं जाहिरातीतलं चित्र बघा, स्वच्छ भिंती, मोठमोठ्या काचा, खाली झाडं, आणि एसीचं आउटडोअर युनिट, म्हणजे बाहेर लावायचा डबा, एकही दिसणार नाही. तीच बिल्डिंग लोक राहायला आल्यावर दोन उन्हाळ्यांनी बघा, जवळजवळ प्रत्येक खिडकीखाली एक डबा लटकलेला, पाईप लोंबतायत, ड्रेनचं पाणी खालच्याच्या खिडकीवर टपटपतंय. एसी लोक लावणारच हे बिल्डरला माहीत असतं, आर्किटेक्टला माहीत असतं, प्लॅन पास करणाऱ्या तुमच्या खात्यालाही माहीत असतं, तरी नकाशात लिफ्ट असते पार्किंग असतं आणि एसीला जागा नसते. आता जागा नाही म्हटल्यावर तो डबा तिथं पोचतो कसा, हे एकदा कोणीतरी तुम्हाला नीट सांगायला हवं म्हणून लिहितोय.

मेकॅनिक आणि हेल्पर येतात. एकजण खिडकीतून बाहेर पडतो आणि छज्जावर उभा राहतो. छज्जा म्हणजे ऊन-पाऊस अडवायला काढलेली पातळ स्लॅब, त्यावर माणूस आणि मशीन दोन्ही चढवायचं असा हिशोब ती बांधताना कोणी केलेला नसतो. जिथं छज्जाच नाही तिथं तो खिडकीच्या चौकटीवर एक पाय आणि भिंतीवरच्या पाईपवर दुसरा असा उभा. एका हातात ड्रिल. मग भिंतीत ब्रॅकेट, म्हणजे डबा टेकवायचा आधार, बसला की आतला माणूस आउटडोअर बाहेर सरकवतो, मॉडेलप्रमाणे २५ ते ४० किलो वजन, आणि बाहेरचा ते हात लांब करून घेतो. जमिनीवर उभं राहून एवढं वजन छातीशी धरून उचलणं वेगळं आणि अधांतरी उभं राहून हात लांबवून झेलणं वेगळं, हे कुठल्याही हमालाला विचारा.

सेफ्टी बेल्ट का नाही लावत, असं तुमचे अधिकारी म्हणतील. लावतात की काहीजण. पण तो अडकवायचा कशाला? खिडकीच्या ग्रिलला अडकवतात, जे ग्रिल चार स्क्रूवर उभं असतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमात पडणाऱ्या माणसाला धरून ठेवणारा हुक एका माणसामागे ५,००० पौंड, म्हणजे साधारण सव्वादोन टन ओढ सहन करणारा लागतो. एवढा आकडा का तर पडता पडता दोरी ताणली जाते तेव्हा बसणारा झटका माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. बेल्ट असून हुक नसेल तर तो बेल्ट फक्त फोटोपुरता.

बरं, डबा एकदा लावला की संपलं असंही नाही. हल्ली भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात साधा एक्स्पान्शन फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, ठोकला तर तो फुगून ब्लॉकच आतून भुगा करतो, लावताना घट्ट वाटतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीनं हळूहळू ढिला होतो. अशा भिंतीत आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला प्लेट द्यायला पाहिजे, नाहीतर ब्रॅकेट सरळ काँक्रीटच्या बीमला धरायला पाहिजे. पण नगावर पैसे मिळणाऱ्या पोरानं उन्हात लटकत असताना बीम शोधत बसावं ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची? वर दरवर्षी सर्व्हिसिंग, त्या वेळी मेकॅनिक त्याच ब्रॅकेटवर पाय देऊन उभा राहतो, आणि तोपर्यंत ब्रॅकेट पावसात गंजलेला. मागचे बोल्ट कोणाला दिसतच नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीत करोल बागेत वरून आउटडोअर पडून खाली स्कूटरवर बसलेला एक तरुण मुलगा गेला, म्हणजे धोका फक्त वर लटकणाऱ्याला आहे असंही समजू नका.

काही सोसायट्या म्हणतात बिल्डिंगचा लूक बिघडतो, सगळे आउटडोअर मागच्या डक्टमध्ये, म्हणजे पाईपांसाठी ठेवलेल्या उभ्या बोळात लावा. दिसायला छान. पण घरातून ५ किलोवॉट उष्णता बाहेर काढणारं मशीन स्वतः दीडेक किलोवॉट वीज खातं आणि सगळी मिळून साडेसहा किलोवॉट उष्णता बाहेर टाकतं. अरुंद डक्टमध्ये असे दहा मजल्यांचे डबे एकावर एक लावले की खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरचे तीच आत ओढतात, मग वरच्या मजल्यावर ऐन दुपारी, म्हणजे नेमका लागतो तेव्हाच, एसी ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो, गॅस कमी नसला तरी (हा वेगळा विषय, त्यावर वेगळं पत्र होईल).

मागणी अगदी छोटी आहे. प्रत्येक राहत्या खोलीमागे आउटडोअरसाठी घराच्या आतून, दारातून किंवा बाल्कनीतून पोचता येईल असा कट्टा प्लॅनमध्ये दाखवल्याशिवाय प्लॅन पास करू नका. त्याला उभं राहायला जागा, कठडा, पाणी जायला पाईप आणि समोर हवा मोकळी. तुमच्या खात्याची भीती मला माहितीये, लोक तो कट्टा बंद करून खोली वाढवतील, खिडकीबाहेर झाडांसाठी दिलेल्या फ्लॉवरबेडचं तेच झालं. मग तो पाऊण मीटरच खोल ठेवा आणि पुढे फक्त जाळी, त्यात कोणी पलंगसुद्धा धड बसवू शकणार नाही.

जुन्या बिल्डिंगांचं काय, हा खरा अवघड भाग. तिथं नव्यानं कट्टे बांधता येणार नाहीत, पण गच्चीवर स्लॅबमध्ये पक्के हुक बसवता येतात, इंजिनिअरकडून तपासून, म्हणजे बेल्ट अडकवायला काहीतरी राहील. आणि माणूस बाहेर पाठवायची जबाबदारी एसी विकून इन्स्टॉलेशनचे पैसे घेणाऱ्यावर टाका, त्या पोरावर नको. आज तो पडला तर दुकान म्हणतं आमचा माणूस नाही, कंपनी म्हणते ठेकेदाराचा आहे आणि ठेकेदार फोन उचलत नाही. सिंगापूरनं २००४ मध्ये यावर वेगळे नियमच केले, ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचा आणि लावणारा ट्रेनिंग घेतलेलाच पाहिजे. आपल्याला एकदम तेवढं जमेल असं मी म्हणत नाही, पण तुमच्या प्लॅन मंजुरीच्या फॉर्ममध्ये पार्किंगच्या रकान्याखाली एसीच्या कट्ट्याचा एक रकाना वाढवायला कुठलं बजेट लागत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत तेवढं करा.

आपला,
एक फ्लॅटवाला