मॅडम, ‘हॅमिनीया’वरच थांबलात म्हणून

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

मालवणची समुद्री गोगलगाय ओळखायला मदत केलीत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेले तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषयच मिटवलात. म्हणून हे चारचौघांत.

मालवणला ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात ती नखाएवढी गोगलगाय दिसली. घाट चढून कोल्हापुरात आल्यावर फोटो ज्याला दाखवावा तो ठोकून देई, ‘बुला अँप्युला’चं पिल्लू! हिंद-प्रशांत महासागरात सर्वदूर सापडणारी, शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्येच नाव दिलेली ही बबल स्नेल, म्हणजे फुगीर शंखाची समुद्री गोगलगाय. हे नाव पटकन तोंडात येणारच. तुम्ही मात्र आधी व्हिडिओ मागितलात आणि एवढंच विचारलंत, ‘धक्का लागल्यावर ती अख्खी शंखात मावते का?’

मावत नव्हती. डोक्यावरची चपटी ढाल आणि दोन्ही बाजूंचे मांसल पदर बाहेरच राहत होते. बुला असती तर सगळं अंग आत ओढून बसली असती. मग शंख. बुलाचा जाडसर, तपकिरी-करड्या नक्षीचा, टोकाशी खोल भोक असलेला. हिचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा. आतलं अंग आरपार दिसत होतं. ढालीची मागची कड दुभागलेली आहे, हे तर व्हिडिओ थांबवून तुम्हीच दाखवलंत. मी तो किती वेळा पाहिला होता, पण बघायचं काय हेच ठाऊक नव्हतं.

हॅमिनीया, म्हणजे पातळ शंखाच्या बबल स्नेलचा गट, हे ठरल्यावर मी नेमक्या प्रजातीसाठी हटून बसले. कोल्हापूरचं पाणी, अर्ध्यावर सोडवत नाही! तुम्ही शांतपणे सांगितलंत की यातल्या बऱ्याच प्रजाती वेगवेगळ्या ओळखायच्या तर दातांची पट्टी, जठरातल्या अन्न भरडणाऱ्या तबकड्या आणि जननेंद्रियं तपासावी लागतात. म्हणजे जीव मारणं आलं. ‘हॅमिनीया गट, प्रजाती अनिश्चित, असं लिही. उत्तर पूर्ण आहे,’ म्हणालात. इतकी वर्षं हा विषय शिकवलेल्या माणसाने अंदाजाने एखादं नाव सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती. तो मोह तुम्ही टाळलात, याचेच आभार मला जास्त मानायचे आहेत.

अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला पुन्हा मालवणला निघालोय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मापाची पट्टी आणि भिंग पिशवीत टाकलंय. गाडीत पुढची सीट तुमच्यासाठी ठेवली आहे. गुडघ्याची सबब ऐकून घेणार नाही.

तुमची,
एक हट्टी विद्यार्थिनी