टँकमधल्या गोगलगायी तलावात सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या फिशटँकमध्ये दुकानातून आणलेली पाणवनस्पती लावली की महिना-दीड महिन्यात काचेवर बारीक गोगलगायी फिरू लागतात आणि पाहता पाहता त्यांची संख्या शेकड्यांत जाते. वैतागलेला माणूस मग एक तर 'स्नेल किलर'ची बाटली टँकमध्ये ओततो, नाही तर बादलीभर गोगलगायी जवळच्या तलावात, ओढ्यात किंवा विहिरीत सोडून येतो. सोडून येण्यात जीव वाचवल्याचं समाधान मिळतं, पण जास्त नुकसान त्यानेच होतं. हे दोन्ही न करता गोगलगायी आटोक्यात आणता येतात. ती माहिती हौशी मत्स्यपालकांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र.

आधी समोर कोणती गोगलगाय आहे ते ओळखावं. पातळ, पिवळट-तपकिरी कवचाची, टोक वर धरल्यावर जिचं तोंड डावीकडे येतं ती फायसा. चकलीसारखी चपटी वेटोळी असते ती रॅम्सहॉर्न. या दोन्ही उभयलिंगी आहेत, त्यामुळे एकटी आली तरी अंडी घालू शकते. पानामागे किंवा काचेवर पारदर्शक जेलीचा ठिपका दिसला तर ती त्यांची अंडी. आपल्याकडच्या कोमट पाण्यात ती आठ-पंधरा दिवसांत फुटतात. लांबट, निमुळती ट्रम्पेट स्नेल दिवसा वाळूत असते, रात्री वर येते. तिची मादी नराशिवायही थेट पिल्लं देते आणि कवचाचं तोंड बंद करायला तिला झाकण असतं, म्हणून ती औषधालाही सहज दाद देत नाही. चौथी अ‍ॅपल स्नेल. ही चुकून येत नाही, सोनेरी रंगाला भुलून आपणच विकत आणतो. पाण्याच्या पातळीच्या वर, काचेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला गुलाबी अंड्यांचा घोस दिसला तर तो हिचा. मादी शुक्राणू बराच काळ साठवून ठेवते, त्यामुळे एकटी असली तरी घोस दिसू शकतो.

गोगलगायी वाढतात त्या उरलेल्या अन्नावर, कुजलेल्या पानांवर आणि शेवाळावर. त्यांची संख्या अचानक वाढली तर टँकमध्ये गरजेपेक्षा जास्त खाणं पडतं आहे, हे निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं दिवसातून एकदा द्यावं आणि आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नये. निरोगी मोठ्या माशांना त्याने काही होत नाही. तळाशी बसणाऱ्या गोळ्या तासा-दोन तासांनी उरल्या तर काढून टाकाव्यात. पिवळी पानं खुडावीत. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलताना सिफनची नळी खडीत खुपसून साचलेला गाळ ओढून घ्यावा. एका वेळी निम्माच तळ साफ करावा, नाही तर पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणूही निघून जातात. एवढं केलं की नवी पिल्लं जगण्याचं प्रमाण घसरतं. याशिवाय केलेला प्रत्येक उपाय महिन्याभरात फोल ठरतो.

असलेल्या गोगलगायी काढायला काकडी पुरते. अर्ध्या सेंटिमीटर जाडीची चकती स्टीलच्या काट्याला टोचून दिवे मालवल्यावर तळाशी ठेवावी. मिनिटभर उकळलेलं पालकाचं पानही चालतं. तीन-चार तासांनी किंवा उजाडण्याआधी ती वर चिकटलेल्या गोगलगायींसकट हळूच उचलावी. सकाळपर्यंत ट्रम्पेट स्नेल पुन्हा वाळूत शिरतात आणि दिवसभर राहिलेली काकडी पाणी नासवते. अंडी फुटत राहतात म्हणून हे दोन-तीन आठवडे रोज करावं लागतं. संख्या शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र आम्हाला पटत नाही. थोड्या ट्रम्पेट स्नेल वाळू हलती ठेवतात, आणि त्या भरदिवसा काचेवर चढू लागल्या तर पाण्यात ऑक्सिजन कमी झाल्याची किंवा पाणी बिघडल्याची ती आगाऊ सूचना असते.

बाटलीतल्या औषधाला आमचा स्पष्ट विरोध आहे. अशा बहुतेक औषधांत तांबं असतं. कोळंबी त्याने मरते, लोच आणि कॅटफिशसारख्या माशांना त्रास होतो आणि मृदू पाण्यात हे विष आणखी तीव्र होतं. तांबं खडीत बसून राहतं, म्हणून सहा महिन्यांनी आणलेली कोळंबीही मरू शकते. त्याहून मोठा धोका मेलेल्या गोगलगायींचा. शे-दोनशे गोगलगायी एका रात्रीत वाळूत कुजल्या की अमोनिया वाढतो आणि ऑक्सिजन घटतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, पाणी गरम असेल तर आणखी वाढतो. 'गोगलगायींच्या औषधाने मासे मेले' अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. कुणी आधीच औषध टाकून बसलं असेल तर मेलेल्या गोगलगायी उपसाव्यात, निम्मं पाणी बदलावं, हवेचा पंप जोरात चालवावा आणि दोन दिवस खाणं बंद ठेवावं. मिठाचाही उपयोग नाही. ट्रम्पेट स्नेल खारं पाणी सहन करते, वनस्पती आधी जातात.

'गोगलगाय खाणारा मासा घ्या' हा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. क्लाऊन लोच पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला सोबत लागते, दोन फुटी टँकमध्ये तो कोंडला जातो. झेब्रा लोच हा पश्चिम घाटातल्या कृष्णेच्या खोऱ्यातला मासा, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. केरळ-कर्नाटकातला इवलासा पी पफरही त्याच यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे, शिवाय तो इतर माशांचे पर कुरतडतो. काकडीने होणाऱ्या कामासाठी नदीतून पकडलेले हे मासे विकत घेऊ नयेत.

गोगलगाय घरात येऊच नये यासाठी नवी वनस्पती थेट टँकमध्ये लावू नये. वेगळ्या बादलीत उजेडात तीन-चार आठवडे ठेवून दर दोन दिवसांनी पानांची मागची बाजू पाहावी आणि अंडी नखाने खरवडून काढावीत. घाई असेल तर लिटरला एक चहाचा चमचा तुरटीची पूड विरघळवून त्यात वनस्पती दोन-तीन दिवस बुडवाव्यात आणि नंतर वाहत्या पाण्याखाली खळखळून धुवाव्यात. दोन-तीन तासांत गोगलगायी मरतात, अंडी इतक्या लवकर मरत नाहीत. टणक पानांच्या अ‍ॅन्युबियाससारख्या वनस्पतींना ब्लीच चालतं. वासाचं किंवा रंगाचं नसलेलं ५० मिली ब्लीच ९५० मिली पाण्यात घ्यावं, फार तर दीड-दोन मिनिटं बुडवावं, धुवावं आणि मग अँटीक्लोरीन (क्लोरीन काढणारं द्रव्य) घातलेल्या पाण्यात ठेवावं. शेवाळ्या मॉसला आणि व्हॅलिस्नेरियाला ब्लीच लावू नये, त्या वितळतात. पोटॅश परमँगनेटवर विसंबू नये, अंडी त्यातून वाचतात.

आता काढलेल्या गोगलगायींचं करायचं काय? दुहेरी पिशवीत थोड्या पाण्यासह घालून, गाठ मारून, फ्रीजरमध्ये किमान २४ तास, शक्यतो ४८ तास ठेवाव्यात आणि मग ओल्या कचऱ्यात टाकाव्यात. गुलाबी घोसही तसाच. नुसत्या उन्हात टाकून भागत नाही. झाकण असलेल्या गोगलगायी तोंड मिटून दिवसेंदिवस जिवंत राहतात, अ‍ॅपल स्नेल तर त्याहून कितीतरी जास्त. मीठ ओतणं क्रूर आहे. शौचालयात किंवा मोरीत टाकू नयेत, कारण आपल्या कितीतरी गावांचं सांडपाणी प्रक्रियेविना नदीला मिळतं. टँक मोडताना खडी पातेल्यात दहा मिनिटं उकळावी (उकळतं पाणी काचेच्या टँकमध्ये ओतू नये, काच तडकते). वनस्पती गोगलगायींसारख्याच गोठवून टाकाव्यात. पाणी जाड फडक्यातून गाळून कुंड्यांना घालावं. वनस्पती थेट तळ्यातून उपटून आणलेल्या असतील तर हातमोजे वापरावेत. तळ्यातल्या गोगलगायी काही परजीवी कृमींच्या वाहक असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये नोंदल्या गेलेल्या शिस्टोसोमा या परजीवी कृमीच्या प्रादुर्भावात संशय गेला होता तो अशाच एका चिमुकल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीवर.

एवढी काळजी कशाला, असं वाटणाऱ्यांनी २०२२ चा खरीप आठवावा. लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या गोगलगायींच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. ती जमिनीवरची. पाण्यातलं उदाहरण अ‍ॅपल स्नेलच्याच कुळातलं आहे. १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतून तैवानला नेलेली सोनेरी गोगलगाय तिथून आग्नेय आशियाच्या भातखाचरांत पसरली आणि रोवणीनंतरची कोवळी रोपं खाऊ लागली. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाजवळच्या भातशेतीत ती शिरल्यावर युरोपीय संघाने २०१२ मध्ये या संपूर्ण प्रजातिगटाच्या आयातीवर बंदी घातली. कोकणात आणि पूर्व विदर्भात भाताची खाचरं, ओढे आणि तलाव एकमेकांना लागून आहेत. तिथे टँकमधली अ‍ॅपल स्नेल बाहेर जाणं आपल्याला परवडणार नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आलेल्या कलम ६२-अ नुसार आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. अ‍ॅपल स्नेलच्या विक्रीचा या कलमाखाली विचार व्हावा. महापालिकांनी पवई, रंकाळा, पाषाण यांसारख्या तलावांकाठी 'घरचे मासे, गोगलगायी, वनस्पती सोडू नयेत' असे फलक मराठीत लावावेत. आणि क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या मत्स्यविक्रेत्यांना विनंती, की नको झालेले मासे आणि गोगलगायी परत घ्या, आणि वनस्पतीच्या पिशवीसोबत तुरटीच्या उपायाची चिठ्ठी द्या.

आपले,
पुण्यातील काही हौशी मत्स्यपालक