दिन्या, बॅरल बदलू नकोस

ठाणे, रविवार

प्रिय दिन्या,

तीन महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची टोचणी आहेच. गुडघा आहे तसाच, बाकी ठीक. आज बसलो ते तुझ्या रायफलबद्दल मी फोनवर घाईत बोललेल्या एका वाक्यामुळे: "बॅरल गेलं असेल." आता तू टारगेटचे फोटो पाठवलेस आणि लिहिलंस की मंगळवारी बॅरल बदलायला देतोयस. देऊ नकोस. माझं चुकलं.

फोटो पुन्हा बघ. पाच गोळ्या ९ सेंटिमीटरमध्ये पसरल्यात, खरं आहे. पण तीन खाली डावीकडे एकमेकींना चिकटून, दोन वर उजवीकडे, त्याही चिकटून. झिजलेलं बॅरल चहूकडे विखुरतं आणि हळूहळू बिघडत जातं. अशा दोन घट्ट गाठी पडल्या की काहीतरी दोन जागांमध्ये डुलतंय असं समज. आणि तू याच मोसमात ३० मिलिमीटर नळीचा जड स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, चढवलास, रायफलवरच्या जुन्याच बेसवर, जुन्याच स्क्रूंवर.

वागळेच्या कारखान्यात एका थाउसाठी, इंचाच्या हजाराव्या भागासाठी, जॉब परत यायचा, आठवतं? तोच हिशोब इथे लाव. स्कोपला बेसवर धरणाऱ्या दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर धर. मागची रिंग एक थाउ, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर हलली, तर १०० मीटरवर मार अडीच सेंटिमीटर सरकतो, २०० वर पाच. तुझे १०० मीटरवरचे नऊ सेंटिमीटर साडेतीन थाउंत बसतात. शिकारीत ती हरिणी जखमी होऊन झाडीत गेली, हे तू एका ओळीत उरकलंस. माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही.

तेव्हा असं कर. काहीही सोडवायच्या आधी रिंग आणि स्कोपच्या नळीवरून, रिंग आणि बेसवरून नेलपेंटची बारीक रेघ ओढ आणि पाच गोळ्या झाड. रेघ तुटली की चोर सापडला. तुटली नाही तर रायफलला स्टॉकशी, म्हणजे दस्त्याशी, जोडणारे ऍक्शन स्क्रू तपास, ते ढिले असले तरी अशाच गाठी पडतात.

मग स्कोप उतरव. रिंगचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल कर. वरची झाकणं काढताना नळी उसळली, किंवा नळीवर रिंगच्या कडेचा चमकता ओरखडा दिसला, तर रिंगा एका रेषेत नाहीत आणि त्या नळीला वाकवतायत. अशा स्कोपवर नेम सरकवायचे क्लिक फिरवलेस तरी मार सांगितल्याइतका सरकत नाही. रिंगा लॅप कर, म्हणजे आतून घासून एका रेषेत आण, नाहीतर दुसऱ्या घे.

खरा संशय मला बेसवर आहे. एकाच टोकाचा स्क्रू आवळ. दुसरं टोक उचललं गेलं तर बेस रिसीव्हरवर, बॅरलमागच्या धडावर, बसतच नाही, खाली इपॉक्सीचा थर द्यावा लागेल. सगळ्यात पुढच्या स्क्रूची लांबीही बघ. तो लांब असेल तर बॅरलच्या आट्यांवर टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि बेस मात्र मोकळाच राहतो. एकटा तोच आवळून बेस हलवून बघ, लगेच कळेल. लांब असेल तर टोक घासून कमी कर.

जोडताना आटे ऍसिटोनने पुसून काढ. बेसच्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, आणि २.३ न्यूटन-मीटर टॉर्क. रिंगच्या झाकणांना १.८, आणि तिथे थ्रेडलॉक नाही. उपवन तलावावर यावरून आपण अर्धा तास भांडलो होतो, मी अजून तिथेच आहे: ओला थ्रेडलॉक वंगणासारखा वागतो, त्याच टॉर्कला पकड जास्त बसते आणि नळी दबते. झूमची रिंग जड फिरायला लागली तर ते दबल्याचंच लक्षण. स्कूटरचं चाक आवळायचास तसं इथे नको. ते सोडवायला शेवटी अख्ख्या टूलरूममधला सगळ्यात मोठा पाना लागला होता!

रिंगा बेसच्या खाचेत पुढे रेटून मगच आवळ. धक्क्याला बंदूक मागे जाते, स्कोप जागीच राहू बघतो, म्हणजे बेसवर तो पुढेच सरकणार. जड स्कोपला हे जास्तच. झाकणांच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेव. स्कोपमधली उभी तार लांब टांगलेल्या ओळंब्याशी जुळव; ५ अंश तिरकी राहिली आणि ३०० मीटरसाठी ४० सेंटिमीटर वर धरलंस, तर साडेतीन सेंटिमीटर बाजूला जाशील.

एवढं करूनही दोनच गाठी पडल्या तर जुना स्कोप चढव. त्याच्यावर पाचही गोळ्या एका जागी जुळल्या की दोष नव्या स्कोपच्या पोटात आहे. बॅरलचा नंबर त्यानंतर. तिकडचा मार्च-एप्रिलचा शिकारीचा हंगाम आला तरी झिरो, म्हणजे नेम आणि मार यांचा मेळ, पक्का झाल्याशिवाय रानात जाऊ नकोस.

नव्या घराचं अभिनंदन. लेकीला कॉलेज मिळालं, छान झालं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू

ता. क. तुझा रेंच इंच-पाउंडांचा असेल तर १.८ म्हणजे १६, आणि २.३ म्हणजे २०. त्या पुढच्या स्क्रूच्या टोकाचा फोटो पाठव, घासायच्या आधीचा.