राष्ट्रहित ठरते कुठे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रे शेवटी आपापले हितच पाहतात, मग त्यांच्या संबंधांच्या अभ्यासात समाजशास्त्राचे काय काम, असे तू विचारले आहेस. मला वाटते, ते हित ठरते कुठे आणि ठरवते कोण, हे विचारले की समाजशास्त्राला टाळताच येत नाही.

राज्यांवर, म्हणजे सार्वभौम देशांवर, कोणतीही वरिष्ठ सत्ता नसल्याने प्रत्येकाला स्वसंरक्षणाची तजवीज स्वतःच करावी लागते, अशी मांडणी आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ साली केली. त्याच क्षेत्रातील अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ मध्ये तिला छेद दिला: या अराजकतेतून, म्हणजे वरिष्ठ सत्तेच्या अभावातून, वैर निघेल की सहकार्य, हे राज्ये एकमेकांशी कशी वागत आली यावर ठरते. ब्रिटनच्या शेकडो अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाच्या मोजक्या अण्वस्त्रांची धास्ती अमेरिकेला अधिक वाटते, आणि नुसत्या शस्त्रबळाच्या हिशोबात हे बसत नाही. याच विषयाच्या अभ्यासक मार्था फिनेमोर यांनी तर दाखवून दिले की अनेक देशांनी विज्ञानविषयक सरकारी यंत्रणा उभारल्या त्या स्वतःची निकड म्हणून नव्हे, तर आधुनिक राज्याकडे त्या असायलाच हव्यात हे युनेस्कोने त्यांच्या गळी उतरवले म्हणून.

तरीही वेंट राज्याला जणू एकच माणूस मानतात, हे मला खटकते. म्हणून नॉर्वेचे अभ्यासक इव्हर न्यूमन यांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. नॉर्वेच्या परराष्ट्र मंत्रालयात त्यांनी स्वतः नोकरी केली आणि मंत्र्यांची भाषणे कशी तयार होतात हे आतून पाहिले. मसुदा या विभागाकडून त्या विभागाकडे फिरतो, प्रत्येक जण आपल्या विषयाची ओळ त्यात घालतो, कुणाला न रुचणारे शब्द गळतात, आणि अखेरीस उरते ते सगळ्या मंत्रालयाला मान्य होईल असे, म्हणजे बहुधा पूर्वीच म्हटलेले. श्रोत्यांना काय सांगायचे यापेक्षा मंत्रालय एकसंध आहे हे दाखवण्याकडेच साऱ्या खटाटोपाचा ओढा राहतो. बाहेरून ज्याला आपण एका राष्ट्राची भूमिका म्हणतो, ती आत अशी घडत असते.

या पद्धतीची अडचणही खरी आहे: अशा दालनांत संशोधकाला सहसा प्रवेश मिळत नाही आणि कागदपत्रे खुली व्हायला दशके जातात. निवृत्त राजनयिकांच्या मुलाखतींवर बरीच भिस्त ठेवावी लागते, आणि त्यांच्या आठवणींत कटू वाद बरेचदा सौम्य होऊन येतात. तू करारांचा अभ्यास करतोस, तेव्हा अंतिम मजकुराबरोबर आधीचे मसुदेही मिळतात का, आणि त्यांतून कोणते कलम कुणाच्या आग्रहाने गळले हे कळते का, ते मला सविस्तर लिही.

तुझा मित्र